बारा फोटोंचा रोल



आपल्या भिवंडीतल्या पोरांना हल्ली एक नवीन नाद लागलाय. भंगारवाल्याकडनं, जुन्या बाजारातनं ही पोरं रोलचे कॅमेरे हुडकून आणतात. खिशात मोबाइल आहे, त्यात फुकटात हजार फोटो निघतात. तरी ह्यांना काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल पाहिजे. तो रोल यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या हजेरीहून महाग. काढायचे छत्तीस फोटो, आणि मग धुवायला कुठं टाकायचा म्हणून मुंबईभर हिंडायचं. परवा त्यातला एक मला म्हणाला, "मामा, तुम्ही डार्करूममध्ये काम केलंय. सांगा की, आम्हाला हे का आवडतं?"

प्रश्न चांगलाय. गॅलरीत वाइन पिणाऱ्यांकडं त्याचं उत्तर तयार असतं. म्हणे जुन्या दिवसांची हुरहूर. आपल्याला हे उत्तर चालणार नाही. जुने दिवस कुणाचे होते? ज्यांचे वाडे होते, ज्यांच्या दिवाणखान्यात आजोबा-पणजोबा सोनेरी चौकटीत टांगलेले होते, त्यांनी हुरहूर लावून घ्यावी. माझ्या आज्याचा फोटो नाही. पणज्याचं नावसुद्धा घरात कुणाला धड सांगता येत नाही. ज्याच्या मागं काही ठेवलेलंच नाही त्यानं मागं वळून काय बघायचं? तरीबी काळा-पांढरा फोटो मला धरून ठेवतो. का, ते जरा नीट सांगतो.

1972 च्या दुष्काळात आम्ही मराठवाड्यातनं भिवंडीला आलो. मी दहा वर्षांचा. बा गोदामावर कापडाचे तागे उचलायचा, आय कारखान्यात कांड्या भरायची. शाळा सुटल्यावर पोरगं चार पैसे कमावंल म्हणून बानं मला एका फोटो स्टुडिओत नेऊन उभं केलं. मालक मुसलमान. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी जात विचारली नाही. माझे दोन्ही हात पालथे-उताणे करून बघितले आणि म्हणाले, "नाखून काट के आना."

माझं पहिलं काम पाणी भरायचं. फोटोच्या धंद्याला किती पाणी लागतं हे बाहेरच्याला कळत नाही. हायपोतनं काढलेला कागद तासभर पाण्यात धुवावा लागतो, पाणी सारखं बदलावं लागतं. नाहीतर हायपो कागदात राहतो आणि काही वर्षांत फोटो पिवळा पडून मरतो. नळाला पाणी ठरल्या वेळी. मी बादल्या आणायच्या, ट्रे भरायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. गावाकडं माझ्या आयला विहिरीत पोहरा टाकायची मुभा नव्हती. कुणी दया येऊन वरनं ओतील तेव्हा घागर भरायची. आणि इथं अख्ख्या गावाचे चेहरे माझ्या हातच्या पाण्यात धुऊन निघायचे. शेठचे, मौलवीचे, भटजीचे, हमालाचे. एकाच ट्रेमध्ये, एकावर एक पडलेले.

डार्करूममध्ये विटाळ एकच होता. हायपोत बुडालेला हात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये जाता कामा नये. गेला की डेव्हलपर नासला. चाचा त्यावरून कानफटात द्यायचे. पण मला त्या विटाळाचं कधी वाईट वाटलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण चाचा समजावून सांगू शकायचे. शिवाय हात धुतला की तो विटाळ जायचा. मनूचा विटाळ आमच्या कितीही पिढ्या नदीवर हात धुवत बसल्या तरी गेला नसता.

आता फोटो होतो कसा ते सांगितलं पाहिजे, कारण नव्या पोरांनी बटण दाबलेलं बघितलंय, बाकी काही बघितलेलं नाही. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड लागला की त्या कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. डेव्हलपर त्या उजेड लागलेल्या कणांची चांदी करतो. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन तोलून चाचा तो घरीच बनवायचे. उजेड न लागलेले कण हायपो काढून टाकतो. म्हणजे उजेडाच्या जागी काळं आणि काळोखाच्या जागी आरपार. ही झाली निगेटिव्ह. ती एनलार्जरमध्ये घालून ब्रोमाइड कागदावर उजेड टाकला की उलट्याचं सुलट होतं. लाल बल्बखाली तो कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा आणि ट्रे हळू हळू हलवत राहायचा. आधी केस येतात. मग भुवया, मिशा, बुबुळं. गालाची कातडी सगळ्यात शेवटी. कागदावर काळं आधी उमटतं, हे मी तिथं शिकलो.

हे काळं म्हणजे शाई नव्हे. ती चांदी आहे. कण अगदी बारीक झाले की चांदी काळी दिसते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना सांगितलं होतं की जातीची खूण पटवणारे गळाभर-हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने टाका, लुगडी नीट नेसा, स्वच्छ राहा. त्यांनी टाकले. त्यांच्या लेकी-सुना पुढं गावोगावच्या स्टुडिओत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर चांदी नव्हती. त्यांचा चेहराच चांदीनं उमटला.

भिवंडीतल्या डार्करूमला दोन दुखणी होती. मुंबईच्या स्टुडिओवाल्याला ती ठाऊक नसतील. एक सुताची धूळ. शेजारी यंत्रमाग, त्यामुळं हवेत सदा तंतू. निगेटिव्ह चिमट्याला टांगून वाळत घातली की तिच्यावर ते येऊन बसायचे. फोटोत त्याचा पांढरा ठिपका दिसायचा. मग मी बारीक ब्रश पातळ शाईत बुडवून एकेक ठिपका भरत बसायचा. दुसरं दुखणं हादऱ्याचं. माग चालू असले की भिंत थरथरायची, भिंतीबरोबर एनलार्जर, आणि फोटो पुसट यायचा. मोठा फोटो करायचा असला की चाचा माग बंद असायची वाट बघायचे. आजही त्या काळातला भिवंडीचा फोटो हातात आला की मी आधी ते पांढरे ठिपके शोधतो. जी धूळ त्या फोटोवर बसली तीच माझ्या आयच्या छातीत गेली होती.

स्टुडिओत कोट एकच होता. पाठीत उसवलेला, म्हणजे जाडा-बारीक कुणालाही व्हावा. मागनं चिमटे लावायचे. टाय तयार गाठीचा, इलॅस्टिकवाला. मागं रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कमळांचं तळं. आपली माणसं 14 एप्रिलच्या आगेमागे यायची. कुणी नवरा-बायको, कुणी कॉलेजच्या फॉर्मला फोटो पाहिजे म्हणून आलेला पोरगा. आणि बहुतेकांची मागणी एकच. "बाबासाहेबांवानी काढा." म्हणजे कोट, टाय, खिशाला पेन, हातात पुस्तक. स्टुडिओत पुस्तक कुठलं? चाचांची लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही होती. अक्षर न ओळखणारा हमाल ती वही छातीशी धरून बसायचा, एक बोट पानांत घातलेलं. हसायचा नाही. आज कुणी म्हणेल, हा खोटेपणा. मला तसं वाटत नाही. आपल्या पोरानं काय व्हावं ते तो माणूस कॅमेऱ्याला सांगत होता. आणि त्यातल्या कितीकांची पोरं खरंच पुस्तकवाली झाली. हे वाचणारे तुम्ही कोण आहात, सांगा?

कुणी म्हणायचं, "जरा गोरं करा." निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी शिसपेन्सिल फिरवली की फोटोत कातडी उजळते. चाचा करून द्यायचे, वर पैसे जास्त घ्यायचे. पण ज्यानं काही सांगितलं नाही त्याच्या चेहऱ्याला ते हात लावायचे नाहीत. काळ्या माणसाला उजेड थोडा जास्त द्यायचा, एवढंच. मग कातडीवरची झाक न झाक फोटोत यायची. पुढं रंगीत फोटो आले तेव्हा हा हात यंत्राकडं गेला. अमेरिकेत कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची, 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. 1950 च्या दशकापासून कितीतरी वर्षं त्या गोऱ्या कातडीवर मशिनी जुळवल्या गेल्या. जगभरची काळी माणसं त्या मापानं मोजली गेली. गोरेपणाचं माप यंत्रात घालून विकता येतं, हे लक्षात ठेवा.

आता बाबासाहेबांच्या कोटाचं बघा. आपल्या घरात, विहारात, कचेरीत, चौकाचौकातल्या पुतळ्यावर तो निळा आहे. पण ज्या फोटोंवरनं ही चित्रं आणि हे पुतळे झाले ते बहुतेक काळे-पांढरे आहेत. त्यांत कोट नुसता गडद दिसतो. त्या दिवशी तो काळा होता, करडा होता का निळा, फोटो सांगत नाही. निळा आपण भरला. झेंड्याचा निळा, चळवळीचा निळा. काळ्या-पांढऱ्या फोटोनं ही जागा मोकळी सोडली होती आणि करोडो लोकांनी ती मिळून रंगवली.

आपण पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आलो ते असे नव्हतो. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात या देशातल्या जाती-जमातींचे फोटो आहेत. माणूस उभा करायचा आणि खाली त्याची जात, धंदा, स्वभाव लिहायचा. कोण इमानी, कोण भरवशाचा नाही, हेसुद्धा. 1857 चं बंड नुकतंच होऊन गेलं होतं, राज्यकर्त्यांना रयतेची नोंद पाहिजे होती. त्या खंडात माणूस नाही, नमुना आहे. मुंबईत 1976 साली झोपड्यांची गणती झाली आणि लोकांना फोटोपास मिळाले, तेव्हाही सरकारी कॅमेरा असाच होता. फोटो पोटासाठी, छपरासाठी. नाही म्हणायची सोय नाही.

ह्याच्या शेजारी राजगृहातला 1934 च्या फेब्रुवारीतला तो फोटो ठेवा. बाबासाहेब, रमाई, यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि टॉबी नावाचा कुत्रा. घरचा साधा फोटो. खाली जात लिहिलेली नाही. रमाई त्यानंतर सव्वा वर्षात, 27 मे 1935 ला गेल्या. आज रमाईचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढं येतो तो अशा मोजक्या फोटोंच्या जोरावर. ते नसते तर रमाई आपल्याला नुसत्या गाण्यात भेटल्या असत्या.

हे दुसरीकडंही घडलंय. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं, त्यांनी 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे 363 फोटो मांडले होते. कोट घातलेले, टोपी घातलेल्या, पुस्तकं घेतलेले, दुकानासमोर उभे राहिलेले. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांना ते उत्तर होतं. 1942 साली गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरनं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडू मारणाऱ्या एका काळ्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. झेंडा मागं धूसर, बाई पुढं स्वच्छ. पार्क्सनं आपल्या आत्मकथेच्या नावातच कॅमेऱ्याला हत्याराच्या रांगेत बसवलं. पँथरचं नाव आपण 1972 साली तिकडनं घेतलं. कॅमेऱ्याची ही बाजूही घ्यायला पाहिजे होती. आपल्याकडं तेव्हा सायक्लोस्टाइल होतं. स्टेन्सिलवर रेघ उमटते, करडी छटा उमटत नाही. म्हणून आपल्या अंकांत शब्द राहिले, चेहरे राहिले नाहीत.

आता माझ्या रोलची गोष्ट.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या पावसाळ्यात माझी मावशी तीन पोरं आणि एक पातेलं घेऊन भिवंडीला आमच्या खोलीत आली. घर जळालं होतं. ती काही सांगायची नाही. नुसती आयच्या शेजारी बसून कांड्या भरायला शिकली. थोड्या दिवसांनी इथं तहसील कचेरीवर मोर्चा ठरला. मी सोळा वर्षांचा. चाचांकडं कॅमेरा मागितला. त्यांनी आगफाचा क्लिक थ्री दिला. डब्यासारखा साधा कॅमेरा, मागं लाल काचेची खिडकी, तीत फोटोचा आकडा दिसायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. चाचा म्हणाले, "बारा हैं. सोच के."

बारा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बटणावर बोट जायचं आणि थांबायचं. हा चेहरा काढू का पुढचा? त्या दिवशी मी जेवढं बघितलं तेवढं आयुष्यात कधी बघितलं नाही, कारण काढण्याआधी बघावं लागत होतं. पहिला फोटो निळ्या झेंड्यांचा. तिसरा गोदामावरच्या हमालांचा, त्यात बा. पाचवा-सहावा पँथरच्या पोरांचा, मुठी वर. आठवा आयचा. ती आणि मावशी बायांच्या रांगेत सगळ्यात पुढं होत्या. दोघींनी मिळून बाबासाहेबांची तसबीर धरलेली. आयचं तोंड उघडं, ती घोषणा देत होती. मी माझ्या आयला त्याआधी कधी ओरडताना बघितलं नव्हतं. घरात ती बाशी बोलतानासुद्धा आवाज पदराखाली ठेवायची. मी दोन पावलं मागं सरलो, ती डोळ्यांत मावली, बटण दाबलं.

शेवटी कचेरीपाशी दगड पडले. कुणी मारले, देव जाणे. म्हणजे देव नाही, तेव्हा कुणीच जाणत नाही. लाठी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या दारात दोन हवालदार उभे. पोरानं फोटो काढलेत, रोल द्या, पोरं ओळखायचीयत. रोल कॅमेऱ्यातच होता. बाराच्या बारा फोटो झालेले, धुवायचा बाकी.

चाचांनी माझ्या हातातनं कॅमेरा घेतला. "साहब, इस लड़के को कैमरा पकड़ना भी नहीं आता," असं म्हणत उंबऱ्यात, उन्हात, त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. रोल काढला आणि सगळी फिल्म टराटरा ओढून हवालदाराच्या हातात दिली. "देखिए. कुछ है?" हवालदारानं ती उन्हात धरली. न धुतलेल्या फिल्मवर काय दिसणार? दुधट कोरी पट्टी. त्यानं ती परत फेकली, आम्हा दोघांना शिव्या घातल्या आणि गेला.

मग चाचांनी ती फिल्म हायपोच्या ट्रेमध्ये सोडली. थोड्या वेळात ती काचेसारखी साफ झाली. झेंडे, हमाल, मुठी, आय, मावशी, सगळं त्या पाण्यात गेलं. मी रडायला लागलो. चाचा म्हणाले, "तस्वीर फिर निकाल लेंगे. लड़के फिर नहीं मिलते."

मोर्च्यातली काही पोरं पोलिसांनी तशीही उचलली. पण फोटोवरनं कुणी ओळखलं गेलं नाही.

आयचा फोटो मात्र पुन्हा निघाला नाही. मी दर सणाला म्हणायचो, चल. ती म्हणायची, "मला काय करायचाय फोटू? लगीन जमवायचंय व्हय माझं?" 1983 साली ती गेली. छातीनं. तेरवीला समोर ठेवायला फोटो नव्हता, म्हणून बाबासाहेबांचीच तसबीर ठेवली, तीच, मोर्च्यात तिनं धरलेली. आयचा आठवा फोटो मला आठवतो. पण आठवण डेव्हलपरमध्ये घालून बघता येत नाही. तिच्या कपाळावर त्या दिवशी केस आले होते का, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही.

चाचांनी चूक केली का? इतकी वर्षं मी हे दोन्ही पारड्यांत घालून बघतोय. चूक केली नाही. माझं नुकसान झालं हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

त्या रोलनं मला एक गोष्ट शिकवली. फिल्मवरचा फोटो ही वस्तू असते. ती एका जागी असते. तिचा मालक ठरलेला असतो. ती लपवता येते, जपता येते, वेळ आली तर मारताही येते. तुमच्या मोबाइलमधला फोटो कुठं असतो? तुमच्याकडं, ग्रुपवर, कंपनीच्या यंत्रात, आणि आणखी कुणाकडं ते तुम्हाला सांगितलं जात नाही. चेहरा ओळखणारी यंत्रं आता या देशात ठिकठिकाणच्या पोलिसांनी घेतलीत. तुम्ही मोर्च्याचे फोटो नावानिशी स्वतःच टाकता. हवालदाराला उंबऱ्यापर्यंत यायचीही गरज उरली नाही. आणि जे यंत्रात नाही ते घालताही येतं. भीमा कोरेगावच्या खटल्यातल्या एका आरोपीच्या संगणकात फायली बाहेरून घुसवल्या होत्या, असा अहवाल 2021 साली अमेरिकेतल्या एका न्यायवैद्यक कंपनीनं दिला. निगेटिव्हवरही पेन्सिल चालते, मीच सांगितलं. पण तिरप्या उजेडात धरली की पेन्सिल दिसते. एवढा फरक आहे.

मोबाइल फेकून द्या असं मी म्हणत नाही. 2016 च्या जुलैमध्ये उनाला आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा मारणाऱ्यांनीच माज म्हणून व्हिडिओ काढून पसरवला, आणि त्याच व्हिडिओनं देशभरातली आपली माणसं रस्त्यावर आली. अत्याचार घडताना खिशात मोबाइल पाहिजेच. पण खबर वेगळी आणि ठेव वेगळी. खबरीला वेग लागतो. ठेवीला चांदी लागते.

टिकण्याचा हिशेब साधा आहे. रंगीत फोटोतला रंग हा रसायनाचा रंग, तो उडतो. 1980 च्या दशकातले आपल्या लग्नांचे अल्बम उघडा, नवरा-नवरी लाल-पिवळी पडलीयत. त्याच पेटीतला बापाचा काळा-पांढरा फोटो काढा. नीट धुतलेला असेल तर अजून जसाच्या तसा आहे. आणि मोबाइलमधले फोटो? गेल्या तीन मोबाइलमधले तुमचे फोटो कुठायत, आत्ता दाखवा.

पण चांदीचंच एक वाईटही आहे. 1984 च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. स्टुडिओचा पुढचा भाग जळाला. पडदा गेला, तो कोट गेला. निगेटिव्ह आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्यांत होत्या, त्या वाचल्या. आगीतनं वाचल्या त्या पुढं भावात गेल्या. चाचा वारले, रंगीत लॅब आल्या, जागा विकली गेली. जुन्या फिल्ममधनं चांदी काढतात, म्हणून भंगारवाले निगेटिव्ह किलोवर घेतात. असे कितीतरी स्टुडिओ गावोगाव रिकामे झाले. चाचांच्या डब्यांतले दोन डबे मी वजन करून, पैसे मोजून परत आणले. उरलेले गेले. वही छातीशी धरलेली किती माणसं त्यात वितळली त्याचा हिशेब नाही.

फिल्म बनवणारेही असेच गेले. आपल्या देशात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, 1960 साली काढलेला. त्याचा 'इंदू' कागद आणि फिल्म आम्ही वापरायचो. तो बंद पडला. कोडॅकनं 2012 साली दिवाळं काढलं, तरी तिची ट्राय-एक्स फिल्म अजून निघते, इंग्लंडातली इल्फर्ड अजून निघते. जगात मागणी आहे. पोरांनो, तुमच्यासारखी वेडी सगळीकडं आहेत.

एक इशारा देतो. काळा-पांढरा फोटो गरिबीला सुंदर करतो. सुरकुत्या, धूर, फाटकं गोणपाट, सगळं त्यात देखणं दिसतं. बाहेरनं लोक येतात, झोपडपट्टीत उकिडवे बसून आपल्या म्हातारीचा फोटो काढतात, तो मोठा करून भिंतीला लावतात, आणि म्हातारीला त्याची एक प्रत मिळत नाही. हे 'पीपल ऑफ इंडिया'चंच पुढचं पान. आपला माणूस कॅमेरा धरतो तेव्हा काय होतं ते बघायचं तर सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो बघा. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते सोडा. त्या फोटोंत गटारात उतरलेला माणूस आहे आणि त्याचं घर, बायको, पोरंही आहेत. तो कामगार आहे, नमुना नाही. आणि नामदेव व्हटकरांची आठवण ठेवा. 7 डिसेंबर 1956 ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, ती त्यांनी पदरमोड करून फिल्मवर टिपली. त्या दिवशी लाखो माणसं रडत होती. एका माणसानं डोळे पुसून कॅमेरा लावला, म्हणून आज आपण ती यात्रा बघू शकतो.

तेव्हा काळा-पांढरा फोटो तुम्हाला का आवडतो याचं माझं उत्तर असं. त्यात बघावं लागतं, थांबावं लागतं, हात लावावा लागतो, आणि मग ते राहतं. आपल्याजवळ राहिलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

आता काम सांगतो. नाद लागलाय तर कामाला लावा. आपल्या वस्तीत घरोघर जा. पेट्या उघडायला लावा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, फोटोतलं कोण, कुठलं गाव, कुठलं साल, आणि फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. शाईनं नको, शाई पाझरते. फोटोची नक्कल मोबाइलवर घ्या, अस्सल त्या घरातच राहू द्या. जुना स्टुडिओ बंद होतोय असं कळलं तर भंगारवाल्याच्या आधी पोचा. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदी पाकिटात घाला, कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यानंतर उघडून बघा. मोर्च्याला गेलात तर चेहरे कुणाचे काढायचे आणि कुणाचे नाही हे आधी ठरवा. आणि रोल परवडत असेल तर एक रोल आंदोलनासाठी वापरायच्या आधी घरात वापरा. तुमची आय कांड्या भरत असेल, धुणं-भांडी करत असेल, शाळेत शिकवत असेल, जिथं असेल तिथं तिला उभी करा. ती म्हणेल, मला काय करायचाय फोटू. ऐकू नका.